गोचीड : ओळख, उपाय आणि प्रतिबंध
(प्राथमिक शाळांसाठी आरोग्यशिक्षणाचा एक पाठ)

मुंबईत परळ येथे एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान असलेली एक जुनी वास्तू आहे. आज ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले, तेव्हा वाल्देमार हाफकिन हे संशोधक मुंबईस आले. प्लेगवरील लस तयार करून त्यांनी ती जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली आणि १९२५ साली संस्थेस त्यांचे नाव मिळाले. तथापि प्लेग माणसापर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न बरीच वर्षे वादाचा राहिला. उंदरावरील पिसू हीच या रोगाची वाहक आहे, असे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली सांगितले. परंतु इतका क्षुद्र कीटक एवढा अनर्थ करील, हे त्या वेळी फारसे कोणास पटले नाही. पुढे १९०५ पासून परळ येथेच प्लेग आयोगाने केलेल्या प्रयोगांनी ते सप्रमाण सिद्ध झाले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, जी चूक त्या काळी पिसवेच्या बाबतीत झाली तीच आज गोचिडाच्या बाबतीत घडत असते. गोचीड हा गोठ्यातील नित्याचा प्राणी. गुरांच्या कानात, कुत्र्याच्या मानेवर तो दिसतो. कोणी तो नखाने ओढून काढतो, पायाखाली चिरडतो आणि विसरून जातो. मुलाच्या अंगावर तो सापडला तरी तेवढीच दखल घेतली जाते. बहुतेक वेळा त्यातून काही अपाय होत नाही, हे खरे. परंतु काही प्रदेशांत आणि काही ऋतूंत हाच क्षुद्र जीव जिवावर बेतणारा रोग देऊन जातो. म्हणून त्याची योग्य ओळख प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

१. गोचीड म्हणजे काय?

गोचिडास आपण कीटक म्हणतो. पण शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हे. कीटकांस सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडास आठ पाय असतात आणि तो कोळी व विंचू यांच्या वर्गातील आहे. त्याच्या आयुष्याच्या चार अवस्था आहेत : अंडे, सहा पायांचे पिल्लू, आठ पायांचे मोठे पिल्लू आणि प्रौढ गोचीड. अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रत्येक अवस्थेत त्याला रक्ताचे पोटभर जेवण लागते. मादी रक्त पिऊन फुगली म्हणजे जनावरावरून खाली गळून पडते आणि जमिनीच्या किंवा भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालून मरते.

गोचिडास उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. गवताच्या पात्यावर, झुडपाच्या टोकाला किंवा वाळलेल्या पाल्यात तो पुढचे पाय पसरून वाट पाहत राहतो. जवळून जाणाऱ्या प्राण्याची ऊब व श्वास त्याला जाणवतो आणि अंगाचा स्पर्श होताच तो चिकटतो. अंगावर चढल्यावर मऊ व झाकलेली जागा शोधण्यास त्याला काही वेळ लागतो. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. कारण याच वेळात अंग झटकले, पाहिले व धुतले, तर चावण्यापूर्वीच तो दूर करता येतो.

त्याच्या तोंडाला उलट्या काट्यांची एक बारीक सोंड असते. ती कातडीत रुतवून तो दिवसेंदिवस रक्त शोषीत राहतो. त्याच्या लाळेत बधिरता आणणारी द्रव्ये असल्यामुळे चावा बहुधा कळत नाही. मुलाने तक्रार केली नाही म्हणून त्याच्या अंगावर गोचीड नाही, असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरते. मोठ्या पिल्लाची अवस्था तर तिळाएवढी, कधी त्याहूनही लहान असते आणि माणसास चावणारे गोचीड बहुधा याच अवस्थेतील असतात.

२. माकडताप

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलाच्या परिसरात माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसेही तीव्र तापाने आजारी पडू लागली. पुणे येथे १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधून काढला आणि तो जंगली गोचिडांतून पसरतो हे दाखवून दिले. शास्त्रीय परिभाषेत या रोगास क्यासनूर अरण्य रोग म्हणतात. लोकभाषेत तो माकडताप होय.

अनेक दशके हा रोग कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरताच मर्यादित होता. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावी आढळला. २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात केर व त्याच्या आसपासच्या गावांत त्याचे रुग्ण मिळाले आणि पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांदा परिसरातही तो दिसून आला. रुग्णांत काजूच्या बागांत राबणारी माणसे पुष्कळ होती.

रोगाचे नाव माकडताप असले तरी दोष माकडाचा नाही. माकड हाही या विषाणूचा बळीच आहे. बाधित माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचीड खाली उतरतात व आसपासच्या पाल्यात पसरतात. म्हणून मेलेले माकड ही धोक्याची सूचना समजावी. रोग्यापासून दुसऱ्या माणसास हा रोग होत नाही. त्यामुळे रोग्यास वाळीत टाकण्याचे किंवा त्याच्या घरच्या मुलांस शाळेत वेगळे बसविण्याचे काहीएक कारण नाही.

गोचीड चावल्यापासून साधारणतः ३ ते ८ दिवसांत एकाएकी जोराचा ताप येतो. डोके व अंग विलक्षण दुखते, उलट्या होतात, डोळे लाल होतात, मोठा थकवा येतो. काहींना नाकातून अथवा हिरड्यांतून रक्त येते. काही रोग्यांत ताप उतरल्यानंतर एकदोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो आणि त्या वेळी भ्रम, कंप यांसारखी मेंदूच्या विकाराची लक्षणे दिसतात. शंभर रोग्यांपैकी सुमारे ३ ते ५ दगावतात. या विषाणूवर खास औषध नाही. पूर्वी दिली जाणारी लस अपुरी ठरल्यामुळे बंद करण्यात आली आहे. तथापि वेळेवर रुग्णालयात नेऊन शरीरातील पाणी व रक्तस्राव यांकडे लक्ष पुरविल्यास बहुतेक रोगी बरे होतात. म्हणजेच सारा भर प्रतिबंधावर आणि लवकर ओळखण्यावर आहे.

३. गोचिडापासून होणारे इतर रोग

कुत्र्यावरील गोचिडापासून होणारा ठिपक्यांचा ताप हा दुसरा रोग होय. त्यात तापाबरोबर अंगावर पुरळ उठते आणि ते तळहात व तळपाय यांवरही दिसते. यावर प्रभावी औषध उपलब्ध आहे; मात्र डॉक्टरांच्या मनात या रोगाची शंका वेळीच यावी लागते. हा रोग जंगलापुरता मर्यादित नाही. जेथे कुत्रा आहे व भिंतीला फटी आहेत, तेथे गोचीड राहू शकतो. मग ते खेड्यातील अंगण असो की शहरातील चाळीचा जिना असो.

तिसरा रोग क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हा असून भारतात तो प्रथम जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत आढळला. तो गुरांवरील एका जातीच्या गोचिडापासून, तसेच बाधित जनावराच्या रक्ताच्या संपर्काने होतो. गुरांच्या अंगावरील गोचीड उघड्या हातांनी काढून नखाने चिरडण्याची सवय किती घातक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

४. परळ-लालबाग आणि कोकण यांतील दुवा

हा विषय केवळ जंगलाकाठच्या गावांचा आहे, असे कोणी समजू नये. परळ, लालबाग, गिरगाव, दादर या भागांतील असंख्य कुटुंबांचे मूळ गाव कोकणात आहे. गिरण्यांचे भोंगे थांबून कितीतरी वर्षे झाली. परंतु मे महिन्यात मुलांना घेऊन गावी जाण्याचा चाकरमान्यांचा परिपाठ चालूच आहे. माकडतापाचा काळ डिसेंबर ते मे हा असतो. काजूचा हंगाम, करवंदे, आंबे, सरपण आणि भाजावळीसाठी पातेरा गोळा करणे, ही सारी याच दिवसांतील कामे. गावचे मूल निदान पायवाटेने चालते. शहरातून आलेले मूल हौसेने झुडपांत शिरते, पातेऱ्यात लोळते आणि अंगावर काय चढले ते त्याच्या गावीही नसते.

समजा, लालबागचा एक आठ वर्षांचा मुलगा मे अखेर दोडामार्ग तालुक्यातील आजोळी चार दिवस काजूबागेत खेळला. आजीने त्याच्या मानेवरचा गोचीड काढून टाकला आणि ती गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली नाही. मुलगा मुंबईस परतला आणि जूनच्या पहिल्या पावसात त्याला जोराचा ताप आला. मुंबईत पावसाळी तापाची कारणे अनेक : हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस. परळच्या के.ई.एम. किंवा वाडिया यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत अशा तापाच्या रोग्यांची रीघ लागलेली असते. तेथे आईने “आठ दिवसांपूर्वी गावी याला गोचीड चावला होता” एवढे एकच वाक्य सांगितले, तर तपासणीची दिशा बदलते. तिला ते ठाऊकच नसेल, तर अमूल्य वेळ जातो. हे वाक्य आईपर्यंत पोहोचविण्याचे काम गावच्या शाळेतील मुलेही करू शकतात. कारण सुटीत आलेल्या भावंडांबरोबर रानात जाणारी तीच असतात. म्हणून हा पाठ डिसेंबरच्या आरंभी एकदा आणि उन्हाळी सुटीपूर्वी पुन्हा एकदा अवश्य घ्यावा.

५. चिकटलेला गोचीड काढण्याची रीत

शाळेच्या औषधपेटीत बारीक टोकाचा एक चिमटा, साबण, कापूस, स्पिरिट व रबरी हातमोजे ठेवावेत. गोचीड दिसताच पुढीलप्रमाणे कृती करावी :

(१) मुलास उजेडात बसवावे व धीर द्यावा. घाबरलेले मूल हालते आणि काम बिघडते.
(२) चिमट्याने गोचिडास कातडीच्या अगदी जवळ, तोंडापाशी धरावे. फुगलेले पोट धरू नये वा दाबू नये. पोटातील द्रव जखमेत उतरण्याचा संभव असतो.
(३) न पिळता, हिसका न देता, सावकाश व एकसारखा जोर लावून सरळ वर ओढावे. काही क्षण लागले तरी घाई करू नये.
(४) चिमटा नसल्यास बोटांभोवती स्वच्छ कागद किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळून याच रीतीने काढावे. उघड्या बोटांनी काढू नये.
(५) सोंडेचा तुकडा कातडीत राहिल्यास व तो चिमट्याने सहज निघत नसल्यास तसाच राहू द्यावा. कातडी त्याला आपोआप बाहेर टाकते. सुई किंवा काटा घेऊन उकरू नये.
(६) जखम व स्वतःचे हात साबणपाण्याने धुवावेत, नंतर जखमेस स्पिरिट लावावे.
(७) काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावा किंवा चिकटपट्टीत बंद करावा. तो चिरडू नये.
(८) मुलाचे नाव, तारीख, चाव्याची जागा आणि मूल कोठे खेळले होते, याची वहीत नोंद करावी व तशीच चिठ्ठी पालकांस द्यावी.

गोचिडावर रॉकेल ओतणे, चुना किंवा तंबाखू लावणे, विडीचा अगर उदबत्तीचा चटका देणे हे उपाय ठिकठिकाणी रूढ आहेत. ते करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु अशा छळाने गोचीड जखमेत अधिक लाळ सोडतो, आणि रोगाचे बीज तर त्या लाळेतच असते. शिवाय मुलाची कातडी भाजते ती वेगळीच. ज्या आजीने आयुष्यभर हा उपाय केला, तिचा उपहास होणार नाही अशा रीतीने ही गोष्ट मुलांना समजावून सांगावी. कारणासह सांगितलेली गोष्ट मुले घरी जाऊन नीट सांगतात. केवळ मनाई केलेली गोष्ट ती विसरतात.

६. पुढील तीन आठवडे

गोचीड चावलेल्या मुलावर तीन आठवडे लक्ष ठेवावे. हजेरी घेताना त्याच्या तोंडावरून नजर फिरवावी. ते गैरहजर राहिल्यास त्याच दिवशी चौकशी करावी. ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, अंगावर पुरळ, रक्तस्राव किंवा विलक्षण सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि नोंदीची चिठ्ठी सोबत द्यावी. शिक्षकाने स्वतः तापाच्या गोळ्या देऊ नयेत. ॲस्पिरिन व त्या जातीची वेदनाशामके रक्तस्राव वाढवीत असल्याने ती घरीही देऊ नयेत, असे पालकांस सांगावे. चावा झाला परंतु त्रास काहीच नाही, अशा मुलास घाबरविण्याचे मात्र कारण नाही. सावधपणा आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७. प्रतिबंध

रानात जाताना : पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ कपडे घालावेत; विजारीचे टोक मोज्यात खोवावे. फिक्या रंगाच्या कपड्यांवर गोचीड चटकन दिसतो. पायवाट सोडून झुडपात शिरू नये, पातेऱ्यावर बसू वा निजू नये. बाधित गावांत आरोग्य खात्याकडून डेपा हे गोचीड दूर ठेवणारे औषधी तेल मिळते. ते सूचनेप्रमाणे हातापायांस लावावे, डोळे व तोंड यांपासून दूर ठेवावे आणि घरी येताच धुऊन टाकावे.

रानातून परतल्यावर : कपडे अंगणातच झटकून गरम पाण्यात टाकावेत व कडक उन्हात वाळवावेत. साबण लावून अंघोळ करावी आणि अंग नीट तपासावे. केसांची मुळे, कानामागची जागा, मान, काख, बेंबी, करगोट्याखालची कंबर, जांघ, गुडघ्यामागची खोबण व पायाची बोटे या जागा विशेष पाहाव्यात. शाळेत केवळ मान, कान, हात व पाय एवढेच पाहावे. उरलेले काम घरी आईने करावे, असा निरोप द्यावा.

घर व गोठा : ज्या रानात माकडे मेली आहेत तेथील पातेरा गोठ्यात अंथरण्यासाठी आणू नये. भिंतींच्या फटी बुजवाव्यात. गुरांवर व कुत्र्यांवर गोचीड झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने औषध लावावे आणि ते औषध मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. गुरांचे गोचीडनाशक मुलांच्या डोक्यास उवांसाठी लावण्याचा अविचार कोणीही करू नये. ते विष आहे.

मेलेले माकड दिसल्यास : त्याला हात लावू नये, जवळ जाऊ नये, काठीने ढोसू नये. जागा लक्षात ठेवून शिक्षकास सांगावे. शिक्षकाने त्याच दिवशी आरोग्य केंद्रास व वनखात्यास कळवावे. रानात फिरणारी मुले ही बातमी बहुधा सर्वांच्या आधी आणतात. ती आणल्याबद्दल त्यांना शाबासकी द्यावी, रानात गेल्याबद्दल रागावू नये. एकदा रागावले की पुढची बातमी येत नाही.

८. वर्गपाठाची मांडणी

इयत्ता तिसरी व चौथीसाठी ३० मिनिटांचा पाठ पुरेसा आहे. आरंभ प्रश्नांनी करावा : गोचीड कोणी पाहिला आहे? कोठे पाहिला? त्याला पाय किती? मुलांचे अनुभव पुष्कळ असतात. ते आधी सांगू द्यावेत. नंतर फळ्यावर गोचिडाच्या चार अवस्थांचे चित्र काढावे आणि प्रत्येक अवस्थेचा आकार मोहरी, तीळ व तुरीचा दाणा हातात देऊन दाखवावा. “तिळाएवढा गोचीड कानामागे बसला तर दिसेल का?” या प्रश्नावरून अंग तपासण्याची आवश्यकता मुलांच्या आपोआप ध्यानात येते. काढण्याची रीत दाखविण्यासाठी कापडाच्या घडीत तांदळाचा दाणा अर्धवट रुतवून तो चिमट्याने सरळ वर ओढून दाखवावा. जिवंत गोचीड वर्गात आणू नये.

फळ्यावर पुढील पाच वाक्ये लिहावीत व मुलांकडून वहीत उतरवून घ्यावीत :

रानातून आलो की कपडे झटकू.
अंघोळ करू, अंग तपासू.
गोचीड दिसला की मोठ्यांना सांगू. जाळणार नाही, चिरडणार नाही.
ताप आला तर “गोचीड चावला होता” हे डॉक्टरांना सांगू.
मेलेल्या माकडाजवळ जाणार नाही; गुरुजींना, बाईंना कळवू.

स्वाध्याय म्हणून मुलांनी ही वाक्ये घरी मोठ्याने वाचून दाखवावीत. ज्यांची भावंडे सुटीत मुंबईहून येतात त्यांनी ती त्यांनाही लिहून द्यावीत.

परळच्या प्रयोगशाळेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे सिद्ध झाले त्याचा अर्थ एवढाच की, रोगाची वाट कळली म्हणजे ती अडविता येते. गोचिडाची वाट पातेऱ्यातून मुलाच्या अंगावर जाते, आणि ती अडविण्यास महागडी साधने लागत नाहीत. अंघोळ, तपासणी, एक चिमटा आणि एक चिठ्ठी एवढे पुरते. त्या चिठ्ठीवरील तारीख वाचून एखाद्या डॉक्टरास रोगाची शंका वेळीच आली आणि एक मूल सुखरूप घरी परतले, तरी या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.